पोस्टकार्ड कोणी वाचावं?

आमच्या लहानपणी पोस्टकार्ड ही खासगी वस्तू नव्हतीच. पोस्टमन ते वाचूनच दारात यायचा. "आक्का, बाळंतपण सुखरूप झालं, मुलगा आहे," असं अंगणातूनच ओरडायचा आणि मग कार्ड हातात द्यायचा. कोणाला त्यात गैर वाटत नसे. कोपरा फाडलेलं कार्ड असलं तर मात्र तो काही न बोलता उभा राहायचा. ते कार्ड घरात न नेता बाहेरच वाचून फाडून टाकायची रीत होती. ज्याला काही झाकून लिहायचं असेल तो चार पैसे जास्त मोजून पाकीट आणायचा. म्हणजे खासगीपणाला तेव्हाही किंमत पडत होती, फक्त ती किती हे पोस्टाच्या खिडकीवर लिहिलेलं असे!

आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला एक. जगातलं पहिलं कार्ड त्याच्या दहा वर्षं आधी, १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. उघडं पत्र नोकरचाकर वाचतील ही तक्रार तेव्हापासूनची. पण स्वस्ताईपुढे लाज किती टिकणार? कार्ड जगभर पसरलं.

आज मला लिहायचंय ते अशाच एका कार्डाबद्दल, जे पत्त्यावर कधी पोचलंच नाही आणि तरीही जगभर वाचलं गेलं. लिहिणारी परदेशात शिकवायला गेलेली मुलगी होती. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हा प्रसंग फार बोलका वाटतो, कारण आज परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे जो प्रश्न आहे तो त्या कार्डावर साठ वर्षांपूर्वीच लिहिला गेला होता.

साल १९६१. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १ मार्चला एका आदेशाने 'पीस कोअर' ही संस्था काढली. तरुण अमेरिकन मुलामुलींनी गरीब देशांत जायचं, दोन वर्षं राहायचं, शिकवायचं, शेतीत, दवाखान्यात मदत करायची. पगार नावाला. प्रमुख होते केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर. सगळ्यात मोठी मागणी होती शिक्षकांची. ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानात उतरली, तीही शिक्षकांचीच. आपल्याकडे पंजाबात पहिले स्वयंसेवक आले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

नायजेरियाला जाणाऱ्या तुकडीचं थोडं प्रशिक्षण हार्वर्डमध्ये झालं आणि उरलेलं इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात व्हायचं होतं. हे कॉलेज १९४८ चं, लंडन विद्यापीठाशी जोडलेलं. 'थिंग्ज फॉल अपार्ट' लिहिणारे चिनुआ अचेबे इथलेच विद्यार्थी. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० ला स्वतंत्र झाला, म्हणजे स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष झालं होतं. ही अमेरिकन मुलं तिथल्या विद्यार्थ्यांबरोबरच वसतिगृहात राहत, त्यांच्याच भोजनगृहात जेवत. गोरा माणूस बंगल्यात न राहता आपल्या पंगतीला बसतो, हे तिथल्या मुलांना नवीनच होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर या तुकडीतल्या तेवीस वर्षांच्या एका मुलीने अमेरिकेतल्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. शहर बघून ती थक्क झाली होती. एवढं प्रशिक्षण घेऊनही इथली घाण आणि मागासलेलं राहणीमान बघायची आमची तयारी नव्हती, लोक रस्त्यावरच राहतात, स्वयंपाक करतात, विकतात आणि विधीही तिथेच उरकतात, अशा अर्थाचा मजकूर होता. पहिला धक्का ओसरल्यावर हा अनुभव फार समाधान देणारा आहे, असंही तिने त्याच कार्डावर लिहिलं होतं. पोस्टाच्या वाटेवर ते कार्ड पडलं आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती लागलं. त्याच्या प्रती निघाल्या, कॉलेजभर वाटल्या गेल्या. सभा झाली, निषेधाचा ठराव झाला, या स्वयंसेवकांना हेर म्हटलं गेलं, त्यांना परत पाठवा अशी मागणी झाली. भोजनगृहात त्यांच्या शेजारी कोणी बसेना. बातमी तारेने जगभर गेली. त्या मुलीने विद्यार्थ्यांची माफी मागितली, राजीनामा देऊ केला आणि ती नायजेरियातून परत गेली.

तिचं नाव पुस्तकांत आहे. मी मुद्दाम लिहीत नाही. एका कार्डापायी तिला जन्मभर ओळखलं गेलं, तेवढं पुरे झालं.

मला या गोष्टीत दोन्ही बाजू पटतात आणि तीच पंचाईत आहे. विद्यार्थी का चिडले हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचं 'मदर इंडिया' आलं, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचं रक्त असंच उसळलं होतं. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटारं तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. पण त्याच गांधीजींनी हेही सांगितलं की परक्यांनी ते वाचू नये, भारतीयांनी मात्र जरूर वाचावं. घाण आपल्या गावात आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आपण ते रोज बोलतोही. पण काल आलेल्या पाहुण्याने आपल्या पंगतीतून उठून तेच आपल्या घरी कळवावं, हे झोंबतं. त्यातून 'मागासलेले', 'आदिम' हे शब्द गोऱ्या साहेबाच्या कोशातले. एका वर्षापूर्वीच त्याला निरोप दिलेला!

आणि तरी दुसरी बाजू बघा. ती मुलगी वर्तमानपत्रात लिहीत नव्हती. मेयोबाईंसारखा ग्रंथ छापत नव्हती. घरापासून हजारो मैलांवर, पहिल्याच महिन्यात, जवळच्या माणसाला मन मोकळं करत होती. आपली मुलगी लग्न होऊन सासरी गेली की पहिल्या पत्रात काय लिहायची? इथे पाणी खारट आहे, चूल धुरकटते, माणसं बरी आहेत. तसंच ते. कार्डाचा शेवटचा भाग चांगुलपणाचा होता, पण प्रती वाचणाऱ्यांच्या नजरेत भरला तो पहिला. उघड्या पत्राचं हेच असतं. ज्याच्यासाठी लिहिलं तो पूर्ण वाचतो, ज्याच्यासाठी नाही तो आपल्यापुरतं वाचतो.

मालकाने काय केलं, हा माझ्या दृष्टीने खरा मुद्दा. 'मालक' म्हणजे इथे पीस कोअर आणि तिच्यामागे अमेरिकन सरकार. त्यांनी तिला हाकललं नाही. केनेडींनी तिला स्वतः पत्र पाठवून पाठिंबा कळवला, आणि तिला पीस कोअरच्याच वॉशिंग्टन कार्यालयात काम मिळालं. पुढे स्वयंसेवकांना निरोप देताना, आम्हाला लिहीत जा पण पोस्टकार्ड नको, असा विनोदही केनेडी करत. नायजेरियातलं काम बंद पडलं नाही. हळूहळू तिथली मुलं पुन्हा बोलू लागली, तुकडीने शाळांमध्ये जाऊन शिकवलं. मात्र पुढच्या प्रत्येक तुकडीला ही गोष्ट सांगितली जाऊ लागली. नियमाआधी भीती आली, ती अशी.

सहा वर्षांनी प्रकरण उलटं झालं. आता परक्या देशातल्या लोकांना काही खुपलं नव्हतं, खुपलं ते मालकालाच. चिलीत कन्सेप्सियोन इथल्या विद्यापीठात संगीत शिकवणारा ब्रूस मरे नावाचा स्वयंसेवक होता. १९६७ साल, व्हिएतनामचं युद्ध भरात. चिलीतल्या काही स्वयंसेवकांनी युद्धाविरुद्ध निवेदन काढायचं ठरवलं, तर वरून तंबी आली की पीस कोअरचं नाव लावून असं काही छापायचं नाही. या तंबीलाच विरोध करणारं पत्र मरेने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला लिहिलं. ते कन्सेप्सियोनच्या स्थानिक वर्तमानपत्रात स्पॅनिशमध्ये छापून आलं आणि त्याला घरी पाठवलं गेलं. स्वयंसेवक असेपर्यंत सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळत असे. ती गेली आणि भरतीचं बोलावणं मागोमाग आलं. नोकरीचा वचक कुठवर पोचतो बघा! तो कोर्टात गेला. १९६९ साली र्‍होड आयलंडच्या फेडरल कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला. 'मरे विरुद्ध व्हॉन' या नावाने खटला प्रसिद्ध आहे, व्हॉन हे तेव्हाचे पीस कोअरचे प्रमुख. (त्याने स्वतः कोर्टाची पायरी चढून नाव नोंदवलं, म्हणून मीही ते लिहिलं.)

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पिकरिंग नावाच्या शिक्षकाच्या खटल्यात निकाल दिला. इलिनॉय राज्यातला हा शिक्षक. शाळामंडळ पैसा कसा खर्च करतं याविषयी त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि मंडळाने त्याला काढून टाकलं. न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक प्रश्नावर नागरिक म्हणून बोलायचा हक्क शिक्षक झाल्याने जात नाही, मात्र तो हक्क आणि शाळेचं कामकाज यांचा तोल बघावा लागतो.

हा निकाल मला तेव्हा माहीत असता तर! १९८० च्या दशकात, मी ज्या शाळेत होते तिथे मुलींसाठी मुतारी नव्हती. मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नसत. तीनदा अर्ज केले. शेवटी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, शाळेचं नाव न घालता. तरी तिसऱ्या दिवशी संस्थेच्या सेक्रेटरींनी बोलावलं. "बाई, घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला?" मेमो मिळाला. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुतारी बांधून झाली. मेमो अजून माझ्या ट्रंकेत आहे. मुतारी मात्र दोनदा नव्याने बांधली गेली, असं ऐकते. असो.

आपल्या महाराष्ट्राशी या गोष्टीचा एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. १९६६ ते १९६८ या काळात पीस कोअरची एक स्वयंसेविका मुंबईत विक्रोळीला होती. वय अडुसष्ट. पेशाने नर्स. गोदरेजच्या वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाच्या कामात आणि मग दवाखान्यात तिने काम केलं. नाव लिलियन कार्टर. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या या मातोश्री. तिथून त्यांनी घरी खूप पत्रं लिहिली, आणि ती १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणजे मुलगा अध्यक्ष झाला त्याच वर्षी. पीस कोअरने भारतातलं काम १९७६ मध्येच थांबवलं होतं. इथली गरिबी, रोगराई, एकटेपणा यांनी हादरून गेल्याचं त्यांच्याही पत्रांत आहे, आणि माणसांविषयी जीव लागल्याचंही. मजकुराची जात तीच, जी इबादानच्या कार्डावर होती. फरक एवढाच की ही पत्रं पाकिटात गेली, घरच्यांनी वाचली, आणि दहा वर्षांनी, धक्क्याच्या पुढे काय झालं तेही बरोबर घेऊन बाहेर आली. पहिल्या महिन्यातलं एक पान सुटं होऊन विक्रोळीत वाटलं गेलं असतं तर? मला नाही वाटत लिलियनबाईंना दोन वर्षं पूर्ण करता आली असती.

इंटरनेटने नेमकं हेच पाकीट काढून घेतलं. २००० नंतर पीस कोअरचे स्वयंसेवक घरी चाळीस पत्रं लिहिण्याऐवजी एक ब्लॉग लिहू लागले. संस्थेने नियम केला: ब्लॉग किंवा वेबसाइट काढणार असाल तर त्या देशातल्या आपल्या प्रमुखाला कळवायचं, आणि इथली मतं माझी आहेत, पीस कोअरची किंवा अमेरिकन सरकारची नाहीत, असं ठळक लिहायचं. इंटरनेटवर टाकलेलं कोणीही वाचू शकतं, याची आठवणही त्यांना करून दिली जाई. त्यामागे इबादानच मला दिसतं. पहिल्या पिढीला सांगितलं कार्ड लिहू नका, दुसरीला सांगितलं की लिहिलेलं प्रत्येक अक्षर आता कार्डच आहे.

कळवा, हा नियम मला गैर वाटत नाही. पण 'कळवा' आणि 'दाखवा' यांत अंतर आहे, आणि 'दाखवा' आणि 'आम्ही न सांगता बघत राहू' यांत त्याहून मोठं अंतर आहे.

हे सगळं मी आता का उकरून काढते आहे? माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आखातातल्या एका शाळेत गणित शिकवते. शाळेचं आणि गावाचं नाव देत नाही. तिच्या करारात कलम आहे की शाळा, विद्यार्थी, सहकारी किंवा तो देश यांविषयी सोशल मीडियावर काही लिहायचं नाही, आणि आपली सगळी खाती कोणत्या नावाने आहेत ते व्यवस्थापनाला द्यायचं. मागे तिने फेसबुकवर उन्हाळ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. बाहेर काम करणाऱ्या मजुरांना दुपारी बघवत नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयात बोलावून ते काढायला लावलं. ओरडले नाहीत, चहाही दिला. पण तेव्हापासून ती काहीच लिहीत नाही. आम्हाला पाठवायची ते लांबलचक मेसेजही बंद झाले. विचारलं तर म्हणते, "मावशी, सगळं ठीक आहे." मुलीचं पत्र 'सगळं ठीक आहे' एवढ्यावर आलं की घरच्या बाईला काय वाटतं ते लिहायला नको.

तिथले कायदे कडक आहेत हे मान्य. संयुक्त अरब अमिरातीत २०१२ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा होता, २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा केला गेला. दुसऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं, टाकणं हासुद्धा त्यात गुन्हा ठरू शकतो. परक्या मुलुखात व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की राहणंही गेलं. मरेची सैन्यातली सूट गेली, तसंच हे. म्हणून शाळेने शिक्षकाला सावध करणं, हे त्याच्या हिताचंही असतं. वर्गातल्या मुलांचे फोटो, नावं, त्यांच्या घरच्या गोष्टी कोणत्याच शिक्षकाने चारचौघांत मांडू नयेत. तो आपल्या पेशाचा धर्म आहे, त्याला करार कशाला हवा?

पण सावध करणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं. याबाबतीत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा एक निकाल उपयोगी आहे. रुमानियातल्या एका इंजिनियरचे याहू मेसेंजरवरचे संदेश कंपनीने वाचले, त्यात घरगुती बोलणं सापडलं आणि २००७ मध्ये त्याला काढलं गेलं. कामासाठीचं खातं खासगी बोलण्याला वापरू नये, असा कंपनीचा नियम होता. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यातले प्रश्न साधे आहेत. नजर ठेवणार हे आधी सांगितलं होतं का? किती खोलवर बघितलं? त्याला सबळ कारण होतं का? कमी त्रासाचा दुसरा मार्ग नव्हता का? मी हे प्रश्न वाचले आणि वाटलं, आमच्या सेक्रेटरींनाही विचारता आले असते.

अर्थात तो निकाल आखातात लागू नाही, आणि भाचीने कोर्टात जावं असं मी म्हणणार नाही. पोट तिथे आहे, घराचे हप्ते तिथून फिटतात. पण मालकांना सांगावंसं वाटतं. शिक्षकाने अक्षरच न लिहिणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. वर्गात ती मुलांना बोलायला, विचारायला शिकवणार आणि स्वतः मात्र उन्हाबद्दल दोन ओळी लिहायला भिणार. मुलं फार लवकर ओळखतात, बाई कशाला घाबरतात ते. पस्तीस वर्षं वर्गात काढली, म्हणून सांगते.

आणि वाचणाऱ्यांनाही, म्हणजे तुम्हाआम्हालाही, सांगावंसं वाटतं. इबादानला ते कार्ड उचलणाऱ्या मुलाचा राग खरा होता. पण कार्ड शेवटपर्यंत वाचलं असतं तर ती मुलगी शिकवायला राहिली असती, असं मला वाटतं. आज आपणही रोज कोणाचं तरी पडलेलं कार्ड उचलतो, निम्मं वाचतो आणि प्रती काढून पुढे पाठवतो. एका बोटाने, क्षणात. पाळत काही फक्त मालकच ठेवत नाही.

भाचीला मी लिहिलंय की मला कागदावर पत्र लिही, पाकिटात घालून. पोचायला दोन आठवडे लागले तरी चालतील. उन्हाबद्दल लिही, मजुरांबद्दल लिही, वर्गातल्या गमती लिही. मी ती पत्रं ट्रंकेत, मेमोशेजारी ठेवीन. लिलियनबाईंची पत्रं दहा वर्षांनी बाहेर आली, तिचीही येतील कधीतरी, तिला हवी तेव्हा.

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं, नातवंडं बाहेर आहेत, काही जण शिकवतातही. त्यांच्या करारात असं कलम आहे का, एकदा विचारून बघा. फोनवर नको, समोर आली की विचारा.